पावसाळी ट्रेकला पहिल्यांदाच ग्रुपबरोबर जायचंय, लीडरला नेमकं काय विचारू?

माधवी_ऐरोली (गुरुवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४६. राहते ऐरोलीला, नोकरी महापेला, एका कंपनीत अकाउंट्स बघते. रोज सकाळी खाडीच्या बाजूने पाचेक किलोमीटर चालते. उजवा गुडघा जिने उतरताना कटकट वाजतो, पण दुखत नाही. डोंगर म्हणाल तर शाळेच्या सहलीत चढलेला शिवनेरी, तोही ऐंशीच्या घरातली आजीही हसत हसत चढेल असा. त्यानंतर थेट माथेरान, तेही घोड्यावर.

तर झालं असं. ऑफिसमधल्या एका मुलीने पोस्टर पाठवलं. काळू धबधबा, एक दिवस, १,१९९ रुपये, बस, नाश्ता, जेवण सगळं आत. रविवारी पहाटे साडेपाचला ऐरोलीहून पिकअप. मी उत्साहात ३०० रुपये भरून टाकले. मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं तर तिथे ६१ जण! मी विचारलं, लीडर किती असतील? उत्तर आलं, "डोंट वरी मॅम, ऑल एक्सपर्ट्स", आणि पुढे तीन डोंगर आणि एक हृदय.

नवरा म्हणतो, पांडवकडा धबधबा घरापासून अर्ध्या तासावर असून कधी गेलो नाही आणि तू माळशेजला वाहून जायला निघालीस. लेक म्हणते, आई जा, पण माझे शूज नको नेऊस. मला खरंच जायचंय हो. दर पावसाळ्यात बसच्या खिडकीतून पारसिकच्या डोंगरावरच्या पांढऱ्या रेघा बघायच्या आणि घरी येऊन कपडे वाळत नाहीत म्हणून चिडायचं, याचा कंटाळा आलाय.

ग्रुप चांगला की वाईट हे फोनवरून कसं ओळखायचं? काय विचारलं की समोरचा उघडा पडतो? आणि या वयात, या गुडघ्याने, काळू झेपेल का?

भिजका_आदी (गुरुवार, रात्री ११:१५)

ताई, बिनधास्त जा! मी मागच्या वर्षी काळू केलाय, स्वर्ग आहे. इतका विचार करत बसलात तर पाऊस संपेल. फोनला वॉटरप्रूफ पाउच घ्या, एवढंच सांगतो. आणि सगळ्यात पुढे चाला, नाहीतर फोटोत लोकांच्या पाठी येतात.

कातळवाट (शुक्रवार, सकाळी ७:०५)

माधवीताई, आदीचं अर्धं खरं आहे, काळू स्वर्गच आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलतो.

मी वर्तकनगरला राहतो, वागळे इस्टेटमध्ये कामाला आहे आणि २००९ पासून रविवारी मित्रांबरोबर लोकांना डोंगरात नेतो. धंदा नाही, गाडीचा आणि जेवणाचा खर्च वाटून घेतो. त्यामुळे ही जाहिरात समजू नका. आमचा हा जुलै तसाही भरलाय.

त्या लीडरला फोन करा, मेसेज नको. आणि सहज विचारा, "तुम्ही अर्ध्यातून शेवटचं मागे कधी फिरलात?" जो खरंच नेतो त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं. अमुक ओढ्यावरून, अमक्या वर्षी, लोकांनी शिव्या दिल्या, असं काहीतरी. "आम्ही कधीच ट्रेक अर्धवट सोडत नाही" असं कोणी छाती फुगवून म्हणालं तर नमस्कार करून फोन ठेवा.

हे मला कसं कळलं ते सांगतो. यात माझी शोभाच आहे.

जुलै २०१४. कर्जतच्या बाजूचा एक ओढा आहे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे चार बसेस लागतील. आम्ही २७ जण. सकाळी साडेनऊला ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं. धबधब्याखाली भिजून झालं, डबे खाऊन झाले. आमच्या डोक्यावर रिमझिमच होती. वर पठारावर मात्र काळंकुट्ट झालेलं मी बघितलं होतं. बघितलं, आणि तरी "अजून अर्धा तास" म्हणालो, कारण लोकांचे फोटो राहिले होते.

पावणेदोनला ओढ्यावर परत आलो तर पाणी मांडीला आणि रंग टपरीवरच्या चहाचा. तिथेच बसकण मारायला हवी होती. पण एकाला चारच्या सुमाराची लोकल गाठायची होती, एकाची रात्रपाळी होती, आणि मला लोकांपुढे घाबरट दिसायचं नव्हतं. हातात हात धरून साखळी करून सोडायला लागलो. तेरा जण गेले. चौदाव्या मुलीचा पाय मधल्या धोंड्यावरून सटकला आणि ती आडवीच झाली. मागच्या पोराच्या हाताला तिच्या सॅकचा वरचा बंद लागला, त्या चार बोटं पट्टीवर ती राहिली. डावा बूट आणि चष्मा गेला. तिला ओढून अलीकडे घेतली आणि मग मी कोणालाही पाण्यात उतरू दिलं नाही.

आता पुढचं ऐका. तेरा पलीकडे, चौदा अलीकडे. आमच्याकडे ३० मीटरचा उत्तम दोर होता. तो होता माझ्या जोडीदाराच्या सॅकमध्ये, आणि जोडीदार सगळ्यात आधी पलीकडे गेलेला. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. तो पलीकडून दोर उंच धरून दाखवतोय आणि मी अलीकडे कपाळाला हात लावून उभा.

मी पाण्याच्या कडेला तीन दगड लावले, काठावर खालून वर, वीत वीत अंतराने. आणि बसलो बघत. सव्वादोनला खालचा दगड बुडाला. थोड्या वेळाने मधला बुडाला. तिसऱ्याशी येऊन पाणी थबकलं, बराच वेळ तिथेच खेळत राहिलं. चारला मधला दगड परत दिसला, मग खालचा. साडेचारला ओलांडलं तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होतं. सकाळपासूनचा सगळा शहाणपणा एवढाच होता: पावणेतीन तास बसून राहणं. कर्जत स्टेशनवर ती मुलगी एका बुटात वडापाव खात होती. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

आपल्याकडे हे असं का होतं? सह्याद्रीत मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. जुलैपर्यंत माती पिऊन तट्ट झालेली असते, मग पडेल तो थेंब घरंगळत ओढ्यात. हिशेब तुमच्या पद्धतीचा देतो. एक चौरस किलोमीटर पठारावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी. सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर धरला तर १० हजार टँकर, आणि बाहेर पडायला वाट एकच. म्हणून ओढा चढतो झपाट्याने. पण पाऊस थांबला की उतरतोही तसाच, म्हणून थांबणं हा खरा उपाय आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभे होते. पाणी आधी आलं असतं तर ते तिथे गेलेच नसते.

काळूला तर आणखी एक मेख आहे. पायथ्याचं थितबी गाव मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. पण धबधब्याला पाणी येतं ते वरून खिरेश्वरच्या बाजूने, म्हणजे जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. लोक ठाण्याचा अंदाज बघतात, इशारा पिवळाच आहे म्हणून निघतात. बघायचा असतो पुणे घाटमाथ्याचा! लीडरला विचाराच, "तुम्ही अंदाज कुठला बघता?" ज्याला हा प्रश्न कळला त्याच्याबरोबर जायला हरकत नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा, आणि तो लाजू नका. "पावसामुळे रद्द झालं तर माझ्या पैशांचं काय?" लोकांना वाटतं हा कंजूषपणा आहे. तसं नाही. रद्द केल्यावर आयोजकाचे सगळे पैसे बुडणार असतील तर रेड अलर्टलाही त्याला "थोडं कमी झालंय वाटतं" असं दिसायला लागतं. तारीख पुढे ढकलून देणारा किंवा बसचे कापून बाकीचे परत करणारा असेल तर त्याचं डोकं शांत राहतं. १,१९९ गुणिले ६१ म्हणजे ७३ हजारांच्या वर जातं, तुम्हीच अकाउंट्सवाल्या. त्यात एक माणूस जास्त घेणं परवडत नाही म्हणाले तर मला पटणार नाही. नवख्यांना घेऊन पावसात जाताना आम्ही आठ-दहा जणांमागे एक लीडर धरतो. आणि "लीडर किती" यापेक्षा "शेवटी कोण चालणार, त्याचं नाव सांगा" असं विचारा. पुढे चालायला सगळ्यांना आवडतं. तुमच्या गुडघ्याबरोबर मागे जो राहणार तो तुमचा खरा लीडर. बऱ्याच ठिकाणी तो एकोणीस-वीस वर्षांचा, ट्रेक फुकट मिळतोय म्हणून आलेला पोरगा असतो, आणि तोही पहिल्यांदाच आलेला.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला असणं चांगलंच. पण तिथे मुख्यतः खडक आणि बर्फ शिकवतात, आपला गढूळ ओढा हा वेगळा प्राणी. मी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला जास्त मार्क देतो. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तीही विचारा. आणि जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असताना "आपण मागच्या वाटेने नेतो" म्हणणारा भेटला तर त्याच्याशी वाद नको, सरळ नंबर ब्लॉक. तुमच्या यजमानांनी काढलेला पांडवकडा त्यातलाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. जवळ आहे म्हणून सोपा, असं पाणी मानत नाही.

काळू तुम्हाला झेपेल, पण पहिलाच नको, आणि ६१ जणांत तर नकोच. पहिल्यांदा कोठळीगड करा. कर्जतहून आंबिवली, तिथून पेठ गावापर्यंत चढ, वर गावात चहा, मग सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या. धुकं, पाऊस, हिरवळ सगळं मिळतं आणि ओढ्याशी झुंजावं लागत नाही. त्याहून जवळ हवं तर पनवेलजवळ कर्नाळा. वनखात्याच्या फाटकावर प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परत आणून दाखवल्या की पैसे परत.

टोकावडेकर (शुक्रवार, दुपारी १:३०)

रामराम. मूळ गाव टोकावड्याच्या पुढे, कामासाठी कळव्याला राहतो. वरच्या दादांना अनुमोदन, चार गोष्टी गावाकडच्या सांगतो.

माझा चुलता वाटाड्या म्हणून जातो. दिवसाचे ५०० मागतो. ग्रुपवाले म्हणतात, आमच्याकडे मोबाइलवर ट्रॅक आहे. ट्रॅक बरोबरच असतो हो, तो मे महिन्यातही बरोबर होता. पाणी किती आहे ते मोबाइल सांगत नाही. चुलता पात्रात उतरायच्या आधी थोडं उभं राहून नुसतं बघतो. पाण्यात पाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, रंग बदलला, किंवा मघापासून खळखळ होती तिची घरघर झाली, की तो मागे वळतो. काही बोलत नाही, नुसता वळतो. शहरातल्या लोकांना वाटतं म्हातारा चिडला.

तेव्हा ताई, "गावातला माणूस बरोबर घेणार का" हे विचारा. ५०० रुपये ६१ माणसांत वाटले तर डोई नऊ रुपयेसुद्धा होत नाहीत.

आणि एक विनंती, सगळ्यांनाच. खाचराच्या बांधावरून चालू नका. भातलावणी झालेली असते, ओला बांध पायाखाली फुटतो आणि रात्रीतून खाचरातलं पाणी निघून जातं. मागच्या साली आमच्या बांधावर एक पूर्ण ग्रुप ओळीने उभा राहून फोटो काढत होता. आईने हाका मारल्या तर त्यांना वाटलं म्हातारी हात हलवतेय, त्यांनीही हात हलवले.

चरईची_सुलू (शुक्रवार, सायंकाळी ६:५०)

पुरुषमंडळींनी पाणी, पैसा, पाऊस सगळं सांगितलं. आता जे कोणी सांगत नाही ते मी सांगते. मी ५१ ची, गेली सहा वर्षं जातेय.

लीडरला विचारा, कपडे कुठे बदलायचे आणि बाथरूम कुठे? "मॅनेज होऊन जाईल" म्हणाला तर समजा, झाडामागे. चांगला ग्रुप गावातलं एक घर ठरवून ठेवतो, तिथेच जेवण असतं. मी बाथरूमच्या भीतीने पहिल्या ट्रेकला पाणीच प्यायले नव्हते. वर गेल्यावर पोटऱ्यांत असे गोळे आले की दोघांनी पाय ताणून धरले, आणि पाऊस धो धो. पावसातही घाम येतो, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घेत राहा.

जीन्स अजिबात नको, भिजली की दोन किलोची होते आणि अंगाला गार लागत राहते. पातळ ट्रॅकपँट. कोरडे कपडे बसमध्ये ठेवायचे, सॅकमध्ये नाही. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा, ते वरून घालायचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं. आणि लेकीचे शूज लेकीलाच राहू देत. जॉगिंगचे बूट शेवाळावर साबणासारखे घसरतात. खाचा खोल असलेले ट्रेकिंगचे घ्या. मी पहिली तीन वर्षं साधे अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घालून फिरले, माझी काही तक्रार नव्हती.

गुडघा उतरताना बोलतो, चढताना नाही. एक काठी घ्या. विकतची नको असेल तर घरातल्या मॉपचा दांडा, हसू नका, मी तोच नेते.

माधवी_ऐरोली (पुढच्या रविवारनंतरचा सोमवार, रात्री ९:२०)

सगळ्यांचे खूप खूप आभार. वृत्तांत द्यायला उशीर झाला, कारण वृत्तांत असा काही नाहीच.

शुक्रवारीच त्या ग्रुपला फोन केला. "मागे कधी फिरलात" विचारल्यावर तो मुलगा अभिमानाने म्हणाला, "मॅम, आमचा रेकॉर्ड आहे, आम्ही एकही ट्रेक कॅन्सल केलेला नाही." कातळवाट, तुमचं वाक्य जसंच्या तसं! मला हसू आवरेना, त्याला वाटलं मी खूश झाले. शेवटी कोण चालणार विचारलं तर म्हणाला, "शेवटी कोणी राहतच नाही मॅम, सगळे फिट असतात." पैसे परत नाहीत. ३०० गेले. त्या रविवारी ग्रुप जाऊन सुखरूप आला, खोटं कशाला बोलू. फोटो मस्त होते.

मग सुलूताईंच्या ओळखीतून ठाण्याचा एक छोटा ग्रुप मिळाला. १८ जण, कोठळीगड. त्यांच्या लीडर बाईंनी मलाच वीस प्रश्न विचारले: बीपी, दमा, गुडघा, घरच्यांचा नंबर, रोज किती चालता, किती जिने चढता. मी मागे फिरण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "यंदाचं विचारताय की एकूण?" तिथेच पैसे भरले.

शनिवारी रात्री ट्रेकचे डबे डोक्यात ठेवून मेथीचे पराठे करून ठेवले. साडेनऊला बाईंचा फोन. रायगडला आणि पुणे घाटाला इशारा वाढलाय, उद्या जात नाही, पुढच्या रविवारी. ठीक आहे म्हटलं. आणि रविवारी सकाळी ऐरोलीत काय पडलं असेल? ऊन! लख्ख ऊन. नवऱ्याने मुद्दाम गॉगल घालून पेपर वाचला. आम्ही तिघांनी गॅलरीत बसून ट्रेकचे पराठे खाल्ले. मी बाईंना रागाने मेसेज लिहिला होता, पाठवला नाही. संध्याकाळी ग्रुपवर कर्जतकडच्या कोणीतरी त्यांच्या घरामागच्या ओढ्याचा फोटो टाकला. रंग टपरीवरच्या चहाचा.

आता पुढच्या रविवारचं नक्की आहे, पाऊस देवाच्या हातात. नवीन बूट आणलेत, घरात घालून फिरतेय. लेक म्हणते घोडा आला. मॉपचा दांडा मात्र तिने लपवून ठेवलाय.

कातळवाट (सोमवार, रात्री १०:०५)

घरात नको, जिन्यावर घाला. चार मजले वर, चार खाली, उतरताना अंगठा पुढे टेकतोय का बघा. टेकत असेल तर एक नंबर मोठा बदलून आणा. आणि मोजे सुती असतील तर तेही बदला.